शेजारची सीट

सासऱ्यांची नजर अधू झाली, तशी डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली. तरी त्यांनी कॉलनीत फिरायच्या गोल्फ कार्टसाठी गुपचूप नव्या बॅटऱ्या मागवल्याच! गेल्याच महिन्यात तीच कार्ट त्यांनी कॉलनीच्या फाटकावर नेऊन आदळली होती. बाबांचा काही भरवसा नाही, म्हणून सून मेकॅनिकच्या डोक्यावर उभीच राहिली.

बॅटऱ्या बसवून त्याने तारा आवळल्या. "आजोबा, एक फेरी मारून बघा."

सासरे किल्ली घेऊन निघाले, तशी ती आडवी आली. "बाबा, किल्ली इकडे द्या!"

त्यांनी निमूटपणे किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि चाचपडत शेजारच्या सीटवर बसले.

 

"तुझ्यासाठीच बसवून घेतल्यात, सूनबाई. फक्त जपून चालव हं... दिसत नसलं, तरी भीती वाटते."