ले आणि ला

“शेवटी ‘ले’ आला का ‘ला’ म्हणायचं,” मोटारसायकल चालवता चालवता गोपालने पुन्हा बजावलं. “मले नाई, मला. तुले नाई, तुला. मांगच्या साली गुणवंतरावच्या पोराच्या तोंडून ‘मले’ निघालं आन् मॅडम हसल्या. त्याले घेतलंच नाई.”

“त्याला,” मागून प्रफुल म्हणाला.

“हां. त्याला.”

आठ वर्षांच्या प्रफुलची आज चंद्रपूरच्या एका वसतिगृहाच्या शाळेत मुलाखत होती. घेतलं, तर जूनपासून तो तिथेच राहणार होता. गोपाल तलावात जाळं टाकून मासे विकायचा. मुलाखत कशी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी मॅडम विचारतील ते सगळं तो वाटेत स्वतःच विचारून घेत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता जंगल होतं.

“काल काय झालं घरी, बेटा?” त्याने मॅडमसारखा आवाज बारीक केला.

“काल आमच्या घरी पाहुणे आला. बाबांनी जाळं टाकलं. खूप मासे सापडला.”

गोपालला काहीतरी खटकलं. पण ‘ले’ तर कुठेच नव्हता.

“बराबर,” तो म्हणाला.

वळण घेतलं आणि समोर वाघ.

रस्त्याच्या मधोमध बसला होता. गोपालने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, पाय टेकवले. एक हात मागे नेऊन पोराचा पाय घट्ट धरला.

“हालू नको.”

वाघाने दोघांकडे पाहिलं. घाई नसल्यासारखा उठला, अंग ताणलं आणि बांबूत शिरला. बांबू बराच वेळ हलत राहिला.

“गेला,” गोपाल दबक्या आवाजात म्हणाला. त्याची बोटं अजून पोराच्या पायावरून सुटत नव्हती. “भेव लागला का रे?”

“हो, बाबा. मला खूप भीती वाटली.”

आवाज कापत होता. चूक एकही नव्हती.

गोपालने मान वळवून पाहिलं. मॅडमसमोर बसावं तसे प्रफुलने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

“इथी मॅडम नाई, राजा,” गोपाल म्हणाला. “इथी मले म्हन.”

“मले...” प्रफुल म्हणाला आणि त्याने बापाच्या पाठीला मिठी मारली. “मले गजब भेव लागला, बाबा! तुले?”

“मले बी.”

गोपालने गाडी सुरू केली. मग पोराचं तोंड थांबेना. वाघाची शेपटी केवढी होती, त्याने आधी कोणाकडे पाहिलं, आईले सांगायचं का नाई, सांगितलं तर ती बापाले किती बोलेल. गोपाल नुसता हुंकार देत राहिला. त्याने एकही शब्द सुधारला नाही.

जंगल विरळ झालं. कोळशाचे ट्रक दिसू लागले, मग पहिली पक्की घरं. मागची बडबड आपोआप बंद झाली. प्रफुलने मिठी सोडली, केसांवरून हात फिरवला.

“बाबा,” त्याने विचारलं, “आता मला, ना?”

गोपालने गाडी हळू केली.