आधीचा दुभाषी

"पण पहिल्या जबाबात तर वेगळंच लिहिलंय," अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधीश रेवती धामणकर म्हणाल्या. "भाऊ तुम्हाला सोडून पळाला, असं."

समोरची झैनब पाच वर्षांपूर्वी एरिट्रियातून या युरोपीय देशात आश्रय मागायला आली होती. बोलण्यात मेळ नाही म्हणून तिचा अर्ज फेटाळला गेला आणि अपील हजारो फायलींखाली दबून राहिलं. "मी असं म्हटलंच नव्हतं," ती रडवेली झाली. "सैनिकांनी त्याला माझ्या डोळ्यांदेखत ओढत नेलं."

त्या दिवशी रेवतींपुढे आणखी चार सुनावण्या होत्या. तरीही त्यांनी जुन्या जबाबाचं रेकॉर्डिंग मागवलं आणि आजच्या दुभाष्याला ऐकवलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, या तिग्रे बोलतायत. आधीच्या दुभाष्याला ती भाषा येतच नव्हती. त्याने अंदाजाने ठोकून दिलंय."

रेवतींनी अपील मंजूर केलं. झैनब ओंजळीत तोंड लपवून कितीतरी वेळ रडत राहिली.

ती गेल्यावर रेवतींनी कारकुनाला विचारलं, "त्या दुभाष्याने घेतलेले असे जबाब आणखी किती?"

"एकतीस. पण त्यांचा नंबर लागायला दोन वर्षं आहेत, मॅडम. आधीच सहा हजार अपिलं तुंबलीयत."

"म्हणूनच तर! ज्यांचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही, त्यांना पुन्हा रांगेत कशाला उभं करायचं?" रेवतींनी टेबल मोकळं केलं. "सगळ्या फायली इथे आणा. पहिली सुनावणी उद्या सकाळी नवाला."