एकेचाळीस आवाज

खेड्यातल्या त्या चर्चला शंभर वर्षं होणार आणि मिस्साच्या उपासनेसाठी खुद्द बिशप येणार म्हटल्यावर कॉयरचं गाणं बसवणाऱ्या बाईंनी कंबर कसली. "आपल्या सहा जणांचा आवाज वेदीपर्यंत तरी पोचेल का?" म्हणत त्यांनी बेकरीवाल्याला गळ घातली, पोस्टमनला पटवलं, रुसलेल्या नणंदेची समजूत काढली आणि तीन महिन्यांत एकेचाळीस जण सुरात आणले.

त्या सकाळी सगळे वरच्या सज्जात दाटीवाटीने उभे राहिले. बिशप वेदीपाशी येऊन वळले आणि थबकले. खालची सगळी बाकं रिकामी होती. चर्चच्या अख्ख्या धर्मग्रामात माणसंच मुळी एकेचाळीस, हे बाईंच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

बिशप पहिल्या बाकावर ऐसपैस बसले. "होऊ द्या, बाई. तीस वर्षांत पहिल्यांदाच मला बसून ऐकायला मिळतंय."