ऑगस्टऐवजी जानेवारी

रत्नाच्या गार्गीला अमेरिकेतल्या विद्यापीठाने ऑगस्टऐवजी जानेवारीत बोलावलं. तिला पोचवायला म्हणून घरी थांबलेला रत्नाचा नवरा मंदार, बोटीवरचा चीफ इंजिनिअर, म्हणाला, "मग एक फेरी मारून येतो. डिसेंबरात हजर!"

"सोमालियाच्या बाजूनेच ना?" रत्नाने विचारलं.

"चाच्यांना काय माझीच बोट दिसणार आहे?"

महिन्याभराने सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये गार्गी नाचतच आली. "आई, सीट मिळाली! ऑगस्टलाच, कन्फर्म लाह! बाबाला सांग ना!"

रत्नाने हौसेने बोटीवर फोन लावला. "अरे मंदार, ऐकलंस का..."

पलीकडून कुणीतरी अनोळखी भाषेत खेकसलं.



मग लांबून मंदारचा आवाज आला, "रत्ना, जानेवारीत गार्गीला तूच पोचव."