कासवांची इंगेन

माणसं ट्रकची मागची फळी लावणार एवढ्यात उल्बिके तिच्यावर ठाण मांडून बसली. आत पेट्यांमध्ये कासवं खरवडत होती. किझिलकुम वाळवंटातल्या वाळूतून वसंतात नुकतीच वर आलेली, शहरातल्या व्यापाऱ्यासाठी पकडलेली.

"वहिनी, ऊठ," ओरिनबाय म्हणाला. तो तिचा धाकटा दीर. पकडणारी माणसं त्याचीच होती.

"माद्या उतरव आधी. पोटात अंडी आहेत त्यांच्या. आज या गेल्या तर इथं कासव औषधालाही उरणार नाही."

ओरिनबाय हसला. "उंटात नर आहे, मादी ती इंगेन, पिलू ते बोता. घोडीला नाव, मेंढीला नाव. आणि कासवाला? नुसतं कासव! वाडवडिलांनी ज्याच्या मादीला नाव दिलं नाही, ते आपलं जनावर नव्हे. गाभण म्हणून सोडायला ती काय इंगेन आहे?"

गाभण जनावर दारातून जाऊ द्यायचं नाही, ही रीत त्यालाही ठाऊक होती. म्हणूनच तो इतकं बोलत होता.

उल्बिकेने पेटीतलं एक मोठं कासव उचललं. मागच्या पायापुढच्या खळग्यात बोट घातलं. टणक अंडी लागली.

"ही इंगेन," ती म्हणाली.

"बुटाएवढी सांडणी!" माणसं खो खो हसली.

"नाव द्यायला तू कोण गं?" ओरिनबायने विचारलं.

तिला संताप आला होता, पण आवाज चढला नाही. "मी कोण? सून म्हणून आले तेव्हा दिराचं नाव घ्यायची बंदी होती मला. कपाळावर झुलपं घेऊन हुंदडायचास. मी तुला झुलपेवाला म्हणायला लागले. आता सांग, औलात, अख्ख्या वस्तीत, तुला ओरिनबाय कोण म्हणतं?"

कुणीच म्हणत नव्हतं. बायकोसुद्धा नाही. नातवंडं तर झुलपेआजोबाच म्हणत.

ओरिनबायने टोपी काढून तुळतुळीत टकलावरून हात फिरवला. मग तिच्या हातातलं कासव घेतलं, स्वतः बोट घालून पाहिलं आणि वाळूवर सोडलं.

"पेट्या उतरवा रे. एकेक चाचपा. इंगेन निघेल ती खाली सोडा."

उल्बिके फळीवरून हलली नाही. थोड्या वेळाने पेटीवर वाकलेल्या एका माणसाने मान वर केली.

"झुलपेकाका, ही इंगेनच ना?"

या वेळी कुणी हसलं नाही.