डिस्पॅचमधले शंभर टक्के

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात ‘तुम्हाला इथे न्याय्य वागणूक मिळते का?’ असा सर्व्हे आला. नाव विचारलं नव्हतं, फक्त डिपार्टमेंट. मी बिनधास्त ‘अजिबात नाही’वर क्लिक केलं, सबमिट केलं आणि मग आठवलं, की डिस्पॅच डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच आहे.

त्या दिवसापासून धास्तीने माझा डबा भरलेलाच डोंबिवलीला घरी परत जायला लागला. शेवटी एचआरच्या आसावरी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलंच.

“साईनाथ, डिस्पॅचमधले शंभर टक्के लोक नाराज आहेत रे.”

“मॅडम, लोक म्हणजे…”

“नाव सांगू नकोस!” त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “सर्व्हे निनावी आहे. साहेबांनी पण विचारलं, कोण आहे तो? म्हटलं, मेले तरी सांगणार नाही.”

माझ्या जिवात जीव आला. “थँक्यू मॅडम. मग आता?”

“साहेब म्हणाले, त्याला काढून टाका. पण काढायचं कोणाला, ते कसं कळणार?” मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “म्हणून पूर्ण डिस्पॅचच बंद करतोय. उगाच कोणा एकावर अन्याय नको.”