वाडीचा एकच पत्ता

दत्ताराम घुमेच्या छातीत बसवलेलं हृदयाचं यंत्र भरदुपारी अडखळलं. शहरातल्या रुग्णालयाला ते नेटवरून दुरुस्त करता यायचं, म्हणून त्याच्या बायकोने, वैजयंताने, मोबाइलवरून मदतीची विनंती पाठवली. ‘विनंती मिळाली, थांबा,’ असं उत्तर लगेच आलं.

तेवढ्यात शेजारी धावले. एरवी पाण्याच्या पाळीवरून भांडणारेसुद्धा आले.

“एकट्या बाईला कोण विचारतंय, वहिनी? आम्हीपण विनंती लावतो,” म्हणत महादूने मोबाइल काढला. बघता बघता अंगणातल्या सगळ्यांनी काढले.

वैजयंताच्या मोबाइलवर दुसरा संदेश आला. ‘या आयपी पत्त्यावरून रुग्णालयावर हल्ला होत आहे. आधीच्या विनंत्या रद्द. पत्ता पाव तास बंद. पुन्हा प्रयत्न केल्यास मुदत वाढेल.’

शहरात नेटवर घरटी वेगळा पत्ता होता. डोंगरावरच्या या अख्ख्या वाडीला मात्र टॉवरमागे एकच पत्ता दिलेला. रुग्णालयाच्या संगणकाला इथली माणसं दिसतच नव्हती. कोणीतरी एकच वेडा दार बडवतोय, एवढंच त्याला कळत होतं.

“बंद करा ते मोबाइल! हात जोडते, बंद करा!” वैजयंता किंचाळली. अंगणातले मोबाइल भराभर खिशात गेले. आत दत्तारामचा श्वास तुटत चालला होता. त्याचा हात धरून ती पाव तास सरायची वाट पाहू लागली.

तेवढ्यात खालच्या आळीतून कोणीतरी मोठ्याने हाक दिली, “वहिनी, धीर सोडू नका! आम्हीपण सगळे लावतोय!”